कोयनेचे तडे आणि सांत घटक

बांधकामशास्त्रात गणित आणि वस्तू ह्यांचा संबंध सामान्यतः एकाच दिशेचा मानला जातो. आधी गणित, मग आराखडा, आणि त्यानंतर प्रत्यक्ष वस्तू, असा हा क्रम आहे. वस्तू भंगली तर गणिताची फेरतपासणी होते, हेही ओघानेच आले. परंतु भंगलेली वस्तूच पुढे दोन पिढ्यांच्या गणितांची परीक्षा घेण्याचे साधन होऊन बसावी, असा प्रकार विरळा. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या बाबतीत नेमके असे घडले आहे. १९६७ च्या भूकंपात ह्या धरणाला गेलेले तडे हे आज संगणकीय पृथक्करणाच्या क्षेत्रातील एक सर्वपरिचित उदाहरण आहे. काँक्रीट कसे भंगते ह्याचे नवे गणित कोणी रचले, की ते कोयनेच्या छेदावर लावून पाहण्याची रीत पडली आहे. मग तो संशोधक कॅनडातील असो, चीनमधील असो वा इराणमधील. महाराष्ट्रातील एका नदीचे नाव अशा रीतीने ग्रंथोग्रंथी उच्चारले जाते, ह्याची फारशी जाणीव महाराष्ट्रात दिसत नाही. ही रीत कशी पडली आणि तिच्यामुळे संगणकाच्या उत्तराला कोणते प्रामाण्य लाभले, ह्याचा विचार येथे कर्तव्य आहे.

कोयना धरण हे गुरुत्वधरण होय. म्हणजे पाण्याचा रेटा ते स्वतःच्या वजनावर पेलते. अशा धरणाचे जुने गणित एका कागदावर मावण्याइतके सुटसुटीत होते. भूकंपाचा विचार करावयाचा, तर धरणाच्या वजनाचा एक ठरावीक अंश आडव्या दिशेने त्याच्यावर लादला आहे असे समजावयाचे. कोयनेसाठी हा अंश ०.०५, म्हणजे वजनाच्या शंभर भागांपैकी पाच भाग, असा धरलेला होता, आणि तो पायापासून माथ्यापर्यंत सारखाच होता. पाणी हादरल्यामुळे जो जादा दाब येतो, त्यासाठी वेस्टरगार्ड ह्यांनी १९३३ साली दिलेल्या सूत्राचा आधार जगभर घेतला जात असे. हे सर्व जमेस धरून धरणाच्या अंगात कोठेही ताण उत्पन्न होत नाही, सर्वत्र दाबच राहतो, असे दिसले की आराखडा निर्वेध ठरे. कोयनेचा आराखडा ह्या कसोटीस उतरलेला होता. तो करणाऱ्या अभियंत्यांकडून हयगय झाली असे म्हणण्यास मुळीच आधार नाही. जगात अन्यत्र ज्या रीतीने धरणे बांधली जात, त्याच रीतीने हेही बांधले गेले.

ह्या रीतीत एक गृहीतक दडलेले होते. धरण हा जणू एक अखंड, न वाकणारा पाषाण आहे आणि जमीन हलली की तो तिच्याबरोबर जसाच्या तसा हलतो, असे ते गृहीतक. वस्तुतः शंभर मीटर उंचीचे धरणही वेताच्या छडीप्रमाणे डोलते. फरक एवढाच की त्याचे डोलणे डोळ्यांना दिसत नाही. कोयनेच्या उंच खंडाचा मूळ आंदोलनकाल सुमारे एकतृतीयांश सेकंद भरतो. पायथ्याशी जे त्वरण असते, ते माथ्याशी पोहोचेपर्यंत कित्येक पटींनी वाढू शकते. परंतु एवढ्या आकाराच्या, अनियमित छेदाच्या आणि पाण्याला टेकून उभ्या असलेल्या वस्तूचे डोलणे हातांनी मोजावयाचे कसे, हा प्रश्न १९५० पर्यंत सुटलेला नव्हता. गृहीतक चुकीचे आहे हे जाणकारांना ठाऊक असले, तरी त्याच्या जागी बसविण्यास दुसरे काही हाताशी नव्हते.

ते दुसरे काही विमानांच्या कारखान्यातून आले. अखंड पदार्थाचे लहान लहान तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याचे सोपे गणित करून ती उत्तरे एकत्र सांधण्याची कल्पना रेनिकॉफ ह्यांच्या १९४१ च्या आणि कुरांट ह्यांच्या १९४३ च्या लेखनात निरनिराळ्या रूपांत आढळते. परंतु सांधण्याच्या ह्या क्रियेतून शेकडो समीकरणे एकदम उभी राहतात, आणि ती सोडविणारे यंत्र नसताना ती कल्पना कागदावरच राहणार हे उघड होते. १९५२ व १९५३ च्या उन्हाळ्यांत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यापक रे क्लफ हे बोइंग कंपनीत काम करीत असता, त्रिकोणाकृती पंखाचा ताठपणा कसा काढावा हा प्रश्न तेथील टर्नर ह्यांच्या गटापुढे होता. त्या कामातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप ह्या चौघांचा १९५६ सालचा प्रसिद्ध निबंध सिद्ध झाला. लंडनमध्ये आर्गिरिस ह्यांनीही १९५४-५५ च्या सुमारास त्याच दिशेने स्वतंत्र विचार मांडला होता. जनकत्वाचा वाद ह्या शास्त्रात पुष्कळ झालेला आहे. त्यात शिरण्याचे येथे कारण नाही.

नावाचा इतिहास मात्र सांगण्याजोगा आहे. ‘फायनाइट एलिमेंट’ ही संज्ञा क्लफ ह्यांनी १९६० साली पिट्सबर्ग येथील परिषदेत वाचलेल्या निबंधात प्रथम योजिली. ह्यातील पहिले पद कलनशास्त्राला उद्देशून आहे. कलनशास्त्र पदार्थाचे अनंत सूक्ष्म अंश कल्पिते. येथील अंश मोजता येण्याजोगे, आकारमान असलेले आहेत, हा भेद क्लफ ह्यांना नावातच दाखवावयाचा होता. मराठीत ह्यासाठी ‘सांत घटक’ हा पर्याय घेता येतो. स आणि अंत ह्यांचा हा संधी शास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे. परंतु ऐकणारा प्रथम ‘शांत’ असे ऐकतो, आणि सामासिक शब्दाची ही दुर्दशा परिभाषाकारांनी आधी ध्यानात घ्यावयास हवी होती. ‘परिमित घटक’ हा पर्याय कानाला अधिक निर्धोक आहे. तथापि ‘सांत’ ह्या शब्दात ‘अनंत’ ह्या प्रतिपक्षाची जी आठवण राहते, ती ‘परिमित’ मध्ये राहत नाही; आणि क्लफ ह्यांना तीच तर हवी होती. म्हणून येथे ‘सांत’ हाच शब्द ठेविला आहे.

विमानाच्या पंखासाठी घडविलेली ही पद्धती स्थापत्याकडे वळली, ती एका तडा गेलेल्या धरणाच्या निमित्ताने. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील नॉर्फोर्क धरण १९४० च्या दशकात बांधले जात असतानाच तापमानाच्या फरकामुळे त्यात एक उभा तडा पडला होता. हा तडा घेऊन धरण किती सुरक्षित आहे, असा प्रश्न त्याची व्यवस्था पाहणाऱ्या लष्करी अभियंता विभागाने बर्कलीकडे विचारला. क्लफ आणि त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन ह्यांनी धरणाच्या छेदाचे त्रिकोणी घटक पाडून, विल्सन ह्यांनी रचलेल्या आज्ञावलीच्या साहाय्याने त्याचे उत्तर काढले आणि १९६२ साली लिस्बन येथील परिषदेत ते मांडले. येथे तडा आधीच पडलेला होता, तो गणिताला आयता मिळाला होता, आणि भार स्थिर होता. हलत्या जमिनीचा प्रश्न अजून पुढेच होता.

तो प्रश्न कोयनेने उभा केला. हेळवाकजवळ बांधलेले हे धरण पायापासून १०३ मीटर उंच आणि सुमारे ८५३ मीटर लांब असून शिवाजीसागर जलाशयात पाणी साठविण्यास १९६२ च्या सुमारास आरंभ झाला. त्यानंतर त्या भागात बारीक धक्के जाणवू लागले आणि भूकंपमापनाची केंद्रे तेथे बसविण्यात आली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी एक बराच मोठा धक्का बसला. नंतर ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मुख्य भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.३ च्या आसपास मानली जाते. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, आणि कोयनानगरातील घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली. हा सगळा प्रदेश तोपर्यंत भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त समजला जात असे. भारतीय मानक संस्थेच्या १९६२ व १९६६ च्या नकाशांत देशाचे शून्य ते सहा असे विभाग केलेले होते. १९७० च्या आवृत्तीत पाच विभाग राहिले आणि ‘शून्य’ हा अंकच गाळण्यात आला. एखादा शब्द परिभाषेतून हद्दपार होण्यामागे एवढे प्रबळ कारण सहसा नसते.

धरण उभे राहिले. परंतु सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांवर आडव्या भेगा दिसल्या. काही पाण्याकडील अंगावर, काही कोरड्या अंगावर, आणि काही ठिकाणी कोरड्या अंगातून पाणी झिरपू लागले. ह्या भेगांचा जमाव पायापासून सुमारे ६६ मीटर उंचीच्या आसपास होता. हे स्थान आकस्मिक नव्हते. कोयनेच्या छेदात कोरड्या अंगाचा उतार नेमक्या त्याच पातळीला एकाएकी बदलतो. खालचा भाग रुंद, वरचा अरुंद आणि जवळजवळ उभा, असा तेथे गळा तयार झालेला आहे. धरण दोन टप्प्यांत बांधण्याची मूळ योजना काम सुरू झाल्यावर बदलली आणि ते एकाच टप्प्यात पूर्ण उंचीपर्यंत नेण्याचे ठरले, त्यामुळे हा असाधारण आकार निर्माण झाला. जुन्या रीतीच्या गणितात ह्या गळ्याजवळ काळजीचे काहीही दिसत नव्हते. त्या गणिताप्रमाणे धोका असलाच तर तो पायाशी, टाचेजवळ असावयाचा.

ह्या घटनेला शास्त्रीय मोल आले, ते एका यंत्रामुळे. धरणाच्या एका खंडातील गॅलरीत त्वरणलेखक बसविलेला होता. भूकंपाच्या वेळी तो आपण होऊन सुरू झाला आणि तिन्ही दिशांचे त्वरण त्याने प्रकाशचित्रीय कागदावर उमटविले. धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने सुमारे ०.४९ पट आणि उभ्या दिशेने सुमारे ०.३४ पट अशी त्याची कमाल मूल्ये आहेत. आराखड्यात धरलेला अंश ०.०५ होता हे येथे पुन्हा स्मरावे. ह्या आलेखाचे पहिले सविस्तर पृथक्करण रुडकी विद्यापीठातील जयकृष्ण, चंद्रशेखरन आणि सैनी ह्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केले. कागदावरील वेड्यावाकड्या रेषेचे अंकांत रूपांतर झाल्यावर ती रेषा संगणकाला वाचता येऊ लागली. एका मोठ्या धरणाने सोसलेला हादरा त्याच धरणात नोंदला जावा आणि त्या हादऱ्याने धरणास झालेली इजाही डोळ्यांनी पाहता यावी, असा योग तोपर्यंत जुळून आलेला नव्हता.

बर्कली येथे हा आलेख अनिल चोप्रा ह्यांच्या हाती गेला. बनारस हिंदू विद्यापीठातून पदवी घेऊन ते तेथे गेले होते आणि धरणावरील पाण्याचा भूकंपकालीन दाब हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. चोप्रा आणि चक्रवर्ती ह्यांनी कोयनेच्या उंच खंडाचा छेद सांत घटकांत विभागून, भूकंपाच्या वेळी असलेली सुमारे ९२ मीटर पाण्याची खोली जमेस धरून, त्वरणाचा तो आलेख पायाशी लावला आणि क्षणाक्षणाचे प्रतिबल संगणकाकडून काढून घेतले. १९७१ चा त्यांचा अहवाल आणि १९७३ चा निबंध ह्यांतील निष्कर्ष स्पष्ट होता. ताणाचे प्रमाण सर्वाधिक वाढत होते ते धरणाच्या वरच्या भागात, उताराच्या बदलाजवळ, आणि काँक्रीटच्या ताण सोसण्याच्या शक्तीच्या कितीतरी पलीकडे ते जात होते. भेगा पडावयाच्या तर त्या तेथेच पडल्या पाहिजेत असे गणित सांगत होते, आणि भेगा तेथेच पडलेल्या होत्या.

ह्याचे कारण समजण्यास कठीण नाही. धरण डोलते तेव्हा माथा सर्वांत जोराने हलतो. त्यामुळे गळ्यावरचा भाग मागेपुढे ओढला जातो. खाली पायाशी डोक्यावरच्या प्रचंड वजनाचा दाब असतो आणि तो येणारा ताण बराचसा गिळून टाकतो. गळ्याशी वरचे वजन थोडे, म्हणून दाबाची शिल्लकही थोडी. जुन्या रीतीत हा भाग निर्धोक दिसे, आणि म्हणूनच वरच्या भागात कमी शक्तीचे काँक्रीट वापरण्यास ती मोकळीक देत असे. चोप्रा ह्यांनी पुढे ह्या विसंगतीवर बोट ठेविले. संगणकाने येथे केवळ अधिक अचूक उत्तर दिले असे म्हणणे अपुरे आहे. जुन्या नियमाने विचारलेला प्रश्नच वेगळा होता, आणि त्या प्रश्नाचे उत्तर कितीही काटेकोर काढले असते तरी गळ्यातील भेग त्यात दिसली नसती.

मध्यंतरी धरणाची दुरुस्ती चालूच होती. भेगांत इपॉक्सी भरण्यात आले, उंच खंड पूर्वताणित केबलींनी आवळण्यात आले आणि नंतर कोरड्या अंगास काँक्रीटचे भक्कम बट्रेस देण्यात आले. त्यामुळे १९६७ सालचा छेद आज प्रत्यक्षात उरलेला नाही. संशोधकांच्या संगणकात मात्र तो जसाच्या तसा आहे. पाणी त्याच पातळीला, गळा उघडा, आणि पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झालेली.

संशोधक त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात, कारण चोप्रा आणि चक्रवर्ती ह्यांच्या गणिताला एक मर्यादा होती आणि ती त्यांना ठाऊक होती. ते गणित पदार्थ अभंग राहतो असे धरून चालते. भेग कोठे सुरू होईल हे ते सांगू शकते. सुरू झालेली भेग किती खोल जाईल आणि धरण आरपार तुटेल काय, हे सांगू शकत नाही. ह्या दुसऱ्या प्रश्नासाठी काँक्रीटचे भंगणेच समीकरणांत आणावे लागते. क्लफ ह्यांनी स्वतः निवा ह्यांच्याबरोबर १९८० च्या सुमारास कंपनमंचावर धरणाच्या लहान प्रतिकृती हादरवून पाहिल्या. पुढे भट्टाचार्जी आणि लेजे ह्यांनी १९९३ साली मॉन्ट्रियलहून, आणि ली व फेन्व्ह्ज ह्यांनी १९९८ साली बर्कलीहून, भंगाची निरनिराळी गणिते मांडली. ली आणि फेन्व्ह्ज ह्यांच्या पद्धतीचा पाया घेऊन ‘अबॅकस’ नावाच्या व्यापारी संगणकप्रणालीत काँक्रीटचे एक प्रतिरूप तयार झाले, आणि त्या प्रणालीच्या उदाहरणसंग्रहात कोयना धरण समाविष्ट झाले. तेव्हापासून अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे उदाहरण सरावासाठी सोडवीत आले आहेत. उत्तरात गळ्याशी रंगीत पट्टा उमटला, की गणित जमले असे ते समजतात.

येथे थोडे थांबणे अवश्य आहे. गणिताचे उत्तर वस्तुस्थितीशी जुळते असे म्हणावयाचे, तर वस्तुस्थिती पुरती ठाऊक असावी लागते. कोयनेच्या भेगा पृष्ठभागावर कोठे दिसल्या हे नोंदलेले आहे. परंतु आतून त्या कोणत्या वळणाने आणि किती गेल्या, ह्याचे ज्ञान गळतीच्या खुणांवरून बांधलेल्या अनुमानापलीकडे फारसे जात नाही. दुसरे असे की भंगाच्या गणितात काँक्रीटची ताणशक्ती, भंगण्यास लागणारी ऊर्जा आणि आंदोलने विरण्याचे प्रमाण ही मूल्ये संशोधकाला निवडावी लागतात, आणि ती थोडी इकडेतिकडे केली की भेगेचा मार्ग बदलतो. उत्तर आधीच माहीत असता निवड कोणत्या बाजूस झुकेल, हे सांगावयास नको. तिसरी गोष्ट त्या त्वरणलेखकाची. तो धरणाच्या एका खंडात बसविलेला होता. त्याची नोंद मोकळ्या जमिनीची आहे असे समजून तीच उंच खंडाच्या पायाशी लावली जाते. परस्परांहून भिन्न असलेल्या अनेक पद्धती ह्या एकाच परीक्षेत उत्तीर्ण होतात, ह्याचे एक कारण त्या सर्व चांगल्या आहेत हे असेल. परीक्षेचा पेपर सर्वांना पूर्वीच ठाऊक आहे, हेही दुसरे कारण असू शकते.

पेपर ठाऊक नसताना काय होऊ शकते, ह्याचे उदाहरण नॉर्वेत घडले. ‘स्लाइप्नर ए’ ह्या सागरी तेलमंचाचा काँक्रीटचा अवाढव्य पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी खाली उतरविला जात असता एकाएकी बुडाला. सुदैवाने त्यावरील सर्व माणसे वाचली. तपासात असे आढळले की आराखड्याचे गणित ‘नॅस्ट्रान’ ह्या नामांकित प्रणालीने केलेले होते. परंतु तीन कोठ्यांच्या मधल्या जागेतील भिंतींपाशी घटकांची जाळी फार विरळ आणि वेडीवाकडी पडली होती. परिणामी तेथील कर्तन प्रतिबल ४७ टक्क्यांनी कमी दाखविले गेले. त्यातच लोखंडी सळयांची मांडणी अपुरी पडली. अपघातानंतर अधिक बारीक जाळी घेऊन केलेल्या गणितात भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असे निघाले; प्रत्यक्षात ती ६५ मीटरला फुटली होती. पद्धती तीच, सिद्धांतही तोच. उत्तर मात्र आधी चुकले आणि नंतर बरोबर आले, कारण आता कोठे पाहावयाचे हे माहीत झाले होते. घटक सांत असतात ह्याचा अर्थ ते किती लहान असावेत हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि ते ठरविणारा संगणक नसतो.

संगणकीय प्रयोगासाठी इंग्रजीत रूढ असलेल्या ‘सिम्युलेशन’ ह्या शब्दाचा लॅटिन धातू ‘सारखे करणे’ असा अर्थ देतो. त्याच धातूपासून ‘सोंग करणे’ हाही अर्थ निघालेला आहे. मराठीत ‘सदृशीकरण’ आणि ‘प्रतिरूपण’ असे दोन्ही शब्द चालतात. पहिल्यात सारखेपणा सिद्ध झाल्याची ग्वाही आहे. दुसऱ्यात केवळ एक रूप दुसऱ्यासमोर ठेवल्याची कबुली आहे. कोयनेचा इतिहास पाहता दुसरा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

ह्या इतिहासाचा एक धागा मात्र पुस्तकांबाहेर राहिला आहे. १९७० च्या दशकात बट्रेस दिले गेले ते उंच, न सांडणाऱ्या खंडांना. मधल्या सांडव्याच्या खंडांची उंची कमी, त्यांच्यावर तशा भेगाही पडलेल्या नव्हत्या; त्यामुळे ते तसेच राहिले. परंतु कोयनेच्या परिसरातील धक्के थांबले नाहीत, आणि गळ्याच्या उदाहरणाने शिकविलेले गणित सांडव्याच्या छेदालाही लावणे आता शक्य होते. सांडव्याच्या खंडांना मागील बाजूने काँक्रीटची जोड देऊन ते बळकट करण्याचे काम २००४ ते २००६ ह्या काळात पार पडले. ज्या खंडांना कधी तडा गेला नव्हता, त्यांच्यासाठी ते होते.